ऑटोमोबाइल की मेकॅनिकल? गाड्यांची आवड असली तरी पदवीला मेकॅनिकलच घ्या

बुटीबोरी
अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राऊंडचे पर्याय भरताना नागपुरातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे: पदवी मेकॅनिकलची घ्या, गाड्यांचं त्यावर शिका. एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेला ऑटोमोबाइलचा स्वतंत्र पेपर नाही, बहुतेक जण मेकॅनिकलचाच देतात. त्यात हीट ट्रान्सफर, कास्टिंग, मशीनिंग, ऑपरेशन्स रिसर्च सगळं येतं. ऑटोमोबाइलच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत हे विषय उरकल्यासारखे शिकवतात.

दुसरं म्हणजे काम. हिंगण्यात महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँड आहे. अशा ठिकाणी नव्या पदवीधराच्या वाट्याला बहुतेक वेळा उत्पादन किंवा क्वालिटी येते. गिअरबॉक्स हाउसिंगचं बोअर (आतलं गोल भोक) टॉलरन्सबाहेर जातंय, तर का? टूल झिजलं, की क्लॅम्प जास्त आवळल्यामुळे हाउसिंग दबलं आणि सोडल्यावर बोअर अंडाकृती झालं, की भाग गरम असतानाच मोजला? मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. ॲल्युमिनियमचं १०० मिमी बोअर ४० अंशांवर मोजलं तर सुमारे ०.०४६ मिमी मोठं दिसतं. मे महिन्यातल्या आपल्या शेडमध्ये हे रोजचं आहे. हे मेट्रॉलॉजीत, म्हणजे मोजमापशास्त्रात शिकवतात, गाडीच्या विषयात नाही.

पाना बारा-तेरा
भाऊ, तुम्ही कारखान्याच्या लाइनवरून बोलून राहिले. पण गाडी डिझाइन कोण करणार? मेकॅनिकलला गाडीचा विषय म्हणजे शेवटच्या वर्षातलं एक इलेक्टिव्ह, तेही पोरांनी निवडलं तर. ऑटोमोबाइलला व्हेइकल डायनॅमिक्स, ट्रान्समिशन, चॅसिस डिझाइन वेगवेगळे विषय असतात.

बाहा स्पर्धेत विद्यार्थी स्वतः ऑफ-रोड गाडी बनवतात, तिचे ब्रेक घ्या. चालकासह वजन २६० किलो, व्हीलबेस १.४ मीटर, गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंच, पुढच्या चाकांवर ४५ टक्के भार. ०.८ जी ने ब्रेक मारला की २६० × ०.८ × ०.५ ÷ १.४, म्हणजे जवळपास ७४ किलो भार मागून पुढे सरकतो. पुढे ११७ चे १९१ होतात, मागे १४३ चे ६९ उरतात. ज्यांनी हे कधी केलं नाही ते चारही चाकांना सारखेच कॅलिपर (डिस्क दाबून धरणारे भाग) लावतात आणि बॅलन्स बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा) मधोमध ठेवतात. मग मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. उलट सगळा जोर पुढे दिला तर मागची लॉकच होत नाहीत, आणि ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी पुढच्या फेरीला जात नाही. म्हणून पुढची किंचित आधी आणि मागची लगेच पाठोपाठ, अशी बार लावायची असते.

बुटीबोरी
तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो स्टॅटिक्स आहे, पहिल्या वर्षाचा. मेकॅनिकलची मुलंही बाहा करतात.

पाना बारा-तेरा
करतात ना. पण काय विचारायचं तेच माहीत नसतं. टाय रॉडची (स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याची) लांबी आणि त्याचे सांधे विशबोनच्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हातांच्या) भूमितीशी जुळले नाहीत तर चाक खड्ड्यात गेल्यावर आपोआप वळतं. हा बम्प स्टीअर कागदावर पकडायचा असतो. गाडी तयार झाल्यावर दिसला तर रॅकची जागा बदलावी लागते, म्हणजे वेल्डिंग कापून ब्रॅकेट पुन्हा बसवायचं. आणि केज, म्हणजे चालकाभोवतीचा सांगाडा, ४१३० या मिश्रपोलादाच्या नळीचा असेल तर घाईने वेल्ड करून ओल्या फडक्याने थंड केलेला जोड ठिसूळ होतो, धक्क्यात वेल्डच्या कडेने तडकतो. ही शिस्त वर्गात आणि वर्कशॉपमध्ये एकत्र शिकवावी लागते.

लाल तार
तुम्ही दोघंही इंजिन-गिअरबॉक्सच्या जगात भांडताय. गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू आहेत. आज गाडी बंद पडली तर दोष अनेकदा सेन्सर, वायरिंग किंवा ईसीयूच्या (गाडीतल्या कंट्रोल युनिटच्या) संवादात सापडतो. बॅटरी काढून ओबीडी (दोष तपासायच्या) सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. हायस्पीड कॅन लाइनला (ईसीयू एकमेकांना जोडणाऱ्या दोन तारांना) दोन्ही टोकांना १२० ओहम असतात, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर तारा शॉर्ट आहेत. पाच मिनिटांचं काम, पण दोन्ही शाखांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना हे प्रत्यक्ष करायला देणाऱ्या प्रयोगशाळा कमीच.

ईव्हीचं तर नागपुरात शिकण्यासारखं खूप आहे. बहुतेक लिथियम-आयन सेल चार्ज करायची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात हवाच ४५ च्या आसपास जाते, त्यात गाडी उन्हातून आली की पॅक त्याहून गरम. चार्जर लावला तर बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) चार्जिंग मंदावते किंवा थांबवते, आणि लोक म्हणतात चार्जर खराब. सावलीत तासभर निवू देऊन लावायचा. १४ सेल सिरीजमध्ये असलेला पॅक भरल्यावर ५८.८ व्होल्ट दाखवतो. पण एकच सेल ४.२ ला आधी पोचला तर बीएमएस तिथेच तोडते, पॅक ५७ वरच अडकतो आणि रेंज घटते. यासाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही लागतात.

बुटीबोरी
हे मान्य. म्हणूनच मेकॅनिकल घेऊन ईव्हीचा मायनर (पदवीसोबतचा जोडविषय) करा, १८ ते २० जादा क्रेडिटचा असतो. पाया मेकॅनिकलचाच राहू द्या.

धरमपेठेतले पालक
मुलीचं म्हणणं, ऑटोमोबाइलच. आरटीओतल्या नोकरीचाही विचार आहे. कॉलेज बघायला गेल्यावर नेमकं काय पाहायचं?

पाना बारा-तेरा
सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेला ऑटोमोबाइल आणि मेकॅनिकल, दोन्ही डिप्लोमा चालतात. त्यासाठी शाखा बदलायची गरज नाही, पण वाहन परवान्याच्या अटी आताच वाचून घ्या.

कॉलेजात कापून रंगवलेल्या इंजिनांवर जाऊ नका. इंजिन टेस्ट रिगवर लोड बदलून दाखवा म्हणा, आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारा. फाइव्ह-गॅस अ‍ॅनालायझर आहे का, त्याचा ऑक्सिजन सेन्सर चालतो का? तो दोनेक वर्षांत संपतो आणि अनेक ठिकाणी बदललेलाच नसतो.

लाल तार
त्यात भर: स्कॅनर आणि ऑसिलोस्कोप कपाटात आहेत की टेबलावर, ते बघा. एका बॅचमध्ये किती मुलं आणि एका सेटअपवर किती, हेही विचारा. वीस मुलांमागे एक मल्टिमीटर असेल तर शाखा कोणतीही घेतली तरी हात बसणार नाही.

बुटीबोरी
मुलीच्या पसंतीच्या कॉलेजात ही रिग खरंच चालू असेल तर ऑटोमोबाइल घेऊ द्या. बंद असेल, तर माझं मत तेच: त्याच कॉलेजात मेकॅनिकल.