पगार तोच, बाजार महाग: शेवटचे शंभर रुपये कुठे घालायचे?

साखळीवाला
महागाईवर सगळे बोलतात, पण हातात आलेला पगार वाटायचा कसा यावर कोण बोलत नाही. माझं ठाम मत, बऱ्याच घरांत पैसा कमी पडतो त्यापेक्षा जास्त तो चुकीच्या जागी पडतो. हेर्मान गोसेन नावाच्या जर्मन माणसाने 1854 मध्येच लिहून ठेवलंय की प्रत्येक गोष्टीवर घातलेल्या शेवटच्या रुपयातून सारखंच समाधान मिळायला पाहिजे, एकीकडे जास्त मिळत असेल तर दुसरीकडचा रुपया काढून तिथे घाला, त्याच पगारात जास्त सुख. खर्च सारखा नव्हे हां, शेवटच्या रुपयाचं समाधान सारखं. समजा इसवण (सुरमई) 900 रुपये किलो आणि बांगडे 200. इसवण जास्त आवडतं कबूल, पण साडेचारपट आवडतं का? रविवारी पहिली तुकडी ताटात पडते तेव्हा कदाचित हो. सलग चौथ्या दिवशी पण इसवणच असेल तर अजिबात नाही. म्हणून रविवारी इसवण आणि बाकीचे दिवस बांगडे, तारले, हाच शहाणपणा.

फोंडा_तिस्क
बाब, कागदावर सगळं बरोबर. पण घरभाडं, स्कूटरचा हप्ता, वीजबिल, मुलांची ट्यूशन हे काढल्यावर हलवायला उरतं काय? भाड्यातला शेवटचा रुपया काढून बांगड्यात कसा घालणार, मालक काय अर्धी खोली परत घेऊन पैसे कमी करणार? हे गणित जिथे वस्तू थोडी थोडी घेता येते तिथेच चालतं. आणि मार्केटात उभं राहून समाधान मोजतो कोण? 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हर्बर्ट सायमन हेच सांगायचा की माणूस सगळ्यात उत्तम शोधत बसत नाही, पुरेसं बरं मिळालं की थांबतो. मी नेहमीच्या मासळीवालीकडे जातो, ती ताजं म्हणेल ते घेतो आणि घरी येतो. मला ते पुरतं.

पेडण्याची_लेक
मोजत कोण नाही कसं म्हणता? मग पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, कशासाठी करतात? 1 जून ते 31 जुलै गोव्यात मासेमारीच्या यांत्रिक बोटी बंद, ताज्या नुस्त्याचा (मासळीचा) भाव चढतो, शंभर रुपयांत मेमध्ये जे मिळायचं त्याच्या निम्मं पण मिळत नाही. म्हणून आमच्याकडे मे महिन्यातच सुके बांगडे, गालमो (सुका जवळा), सोलं, मिरच्या, मीठ सगळं भरून ठेवतात, म्हणजे मेमधला रुपया उचलून जुलैच्या ताटात घातला. आई गालमो घेताना मूठभर उचलून दाबून बघते, हाताला चिकटला तर सरळ ठेवून देते, कारण ओल असली की वजन पाण्याचं आणि पावसात वर बुरशी, मग कागदावर हातानेच पसरून रेती किती राहते ते बघते आणि त्यानंतर भावाचं बोलते. तिने गोसेनचं नाव ऐकलेलं नाही, पण हिशेब तोच.

साखळीवाला
अगदी हेच. भाडं रोज हलत नाही हे खरं, पण करार संपतो तेव्हा हलतं, आणि जे हलत नाही ते सोडून उरलेल्या समजा पाच हजाराला तरी नियम लागू आहेच ना.

फोंडा_तिस्क
बरं मग चतुर्थीचं बोला. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, नेवऱ्या (करंज्या), सगळ्यांना नवे कपडे, घराला रंग, कित्येक जण त्यासाठी कर्ज काढतात. तुम्ही म्हणणार त्यातही समाधान आहे. मग कशातही समाधान आहे म्हणून सुटता येतं! जो नियम कधी चुकीचा ठरूच शकत नाही तो आम्हाला सांगतो तरी काय?

साखळीवाला
मुद्दा वजनदार आहे. पण काय आवडावं हे नियम सांगतच नाही, मूळ घरी जाऊन सगळ्या भावंडांबरोबर आरतीला उभं राहण्याची किंमत ज्याची त्याने ठरवावी. कसोटी एवढीच, की त्यातले 500 काढून दुसरीकडे घातले असते तर बरं झालं असतं असं दसऱ्याला वाटतं का? वाटत असेल तर वाटणी चुकली, म्हणजे नियम मोडतो आणि मोडलेला दिसतो सुद्धा. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर, 2017 चं नोबेल, त्याने हेच दाखवलं की माणसं मनात पैशाचे वेगवेगळे डबे करतात आणि एकातलं दुसऱ्यात घालत नाहीत. बोनसचा डबा मौजेचा, म्हणून त्यातून मोठा टीव्ही येतो आणि त्याच महिन्यात क्रेडिट कार्डचं व्याज पण भरलं जातं. समाधान गळतं ते इथे.

सत्तरीची_बाय
तुम्ही सगळे "समाधान, समाधान" म्हणताय, पण कोणाचं? घर म्हणजे एक माणूस नव्हे. आमच्या गावात अजून कितीतरी घरांत बाई शेवटी जेवते, इसवणाची तुकडी पुरुषांना आणि मुलांना, तिच्या ताटात हुमणाचा (माशाच्या आमटीचा) रस. नवऱ्याच्या हिशेबात शेवटचा रुपया सगळीकडे सारखा बसलेला असेल, तिच्या हिशेबात अजिबात नाही. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीचा भत्ता आईच्या हातात द्यायला लागले, नंतर अभ्यास झाला तर पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. पैसा घरात तेवढाच, हात बदलला. म्हणून गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे 1500 बाईच्या खात्यात येतात ते मला फार मोलाचं वाटतं, आणि ते काढून घेऊन हप्त्यात भरणाऱ्या नवऱ्यांचा मला संताप येतो.

फोंडा_तिस्क
बाय, हे शंभर टक्के पटलं. पण यानेच माझं म्हणणं पक्कं होतं, चौघांची चार समाधानं एका तराजूत घालणार कशी? मुलीला सायकल, आजीला गुडघ्याचं औषध, बापाला नाटकाचं तिकीट. बेरीज होत नाही.

साखळीवाला
बेरीज होत नाही, मान्य. म्हणून आम्ही घरी पगाराच्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, या महिन्यात वरचे 500 आले तर कुठे घालायचे, आणि प्रत्येकाने आपापलं सांगायचं, आजीने सुद्धा.

सत्तरीची_बाय
विचारा, पण बाईला सगळ्यांच्या समोर विचारू नका, ती "मला काही नको" म्हणते. एकटी असताना विचारा.