पूर असो वा स्फोट, खर्च कोणाच्या माथी?

जमाखर्च: पूर ओसरला की पंचनामे होतात, सानुग्रह अनुदान जाहीर होतं. त्याआधी बंधाऱ्याच्या डागडुजीला पैसे मागा, फाईल जागची हलत नाही. माझं मत: हिशेब वेगळे करा. पुराला करातून पैसा द्या, पण रासायनिक दुर्घटनेसाठी उद्योगांकडून आधीच उपकर घ्या. भोपाळची तडजोड १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर झाली. तिथे पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलला जानेवारी २०२५ मध्ये, तोही सरकारी खर्चाने!

रोखठोक: उपकराचं कौतुक नको. अमेरिकेचा १९८० चा सुपरफंड, म्हणजे विषारी कचऱ्याच्या जागा साफ करायचा निधी, याच विचारावर उभा होता. तेल आणि रसायन कंपन्यांवरच्या त्या करांची मुदत १९९५ अखेर संपली, संसदेने ती वाढवली नाही. निधी आटला आणि बेवारस जागांच्या सफाईचा भार सर्वसाधारण करदात्यावर आला. रसायनांवरचा कर परत लागू करायला २०२१ चा कायदा यावा लागला, तेलावरच्या करासाठी २०२२ चा. शिवाय काळजी घेणारा आणि निष्काळजी कारखाना एकाच तागडीत का तोलायचा? सक्तीचा विमा आणा. धोका जास्त, तर हप्ता जास्त.

जमाखर्च: तो भारतात १९९१ पासून आहेच की! मृत्यूमागे तातडीची मदत २५ हजार रुपये. हा आकडा तीस वर्षांहून जास्त काळ तसाच होता.

काठावरचा: मग आकडा वाढवा, विम्याला का झोडपता? पुराचंही तेच. फ्रान्समध्ये घराच्या विम्यावर आपत्तीचा अधिभार असतो. २०२५ पासून तो १२ वरून २० टक्के झाला. डोंगरावरच्याला आणि नदीकाठच्याला दर एकच. मग पूररेषेत बांधायला कोण कचरेल?

साधी_गोष्ट: नदीकाठी हौसेने कोण राहतं? काही बंगलेवाले सोडले, तर ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही तोच. हप्ता त्याचाच वाढवणार? परवानगीवर सही करणाऱ्याकडून वसूल करा.

रोखठोक: हिशेब वेगळे करणंही पुरत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतले २० टक्के प्रतिबंधासाठी राखून ठेवले. पण मदत वाटायला यादी पुरते. पूरभिंतीला सर्वेक्षण, भूसंपादन, निविदा लागतात. तोवर सरकारच बदलतं.

जमाखर्च: म्हणूनच कायद्याने हात बांधायचे. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेली. आज तिथे पूरसंरक्षणाचा डेल्टा निधी कायद्यात आहे, पूर नसलेल्या वर्षीही त्यात तरतूद होते.

काठावरचा: तिथली पाणी मंडळं कर स्वतः वसूल करतात आणि त्यांच्या निवडणुकाही वेगळ्या होतात. बंधारा खचला तर कोणाला पाडायचं, हे मतदाराला ठाऊक असतं. तुमचा उपकर जमा करणार कोण आणि तो जाब कोणाला देणार, एवढं आधी सांगा.