वारली किट : कोस्टर रंगवला की आदिवासी कळला?

घोडबंदरकर : काल इथं कुणीतरी सल्ला दिला, '९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, वर्गात वारली किट वाटा, तासाभरात मुलांना आदिवासी संस्कृती कळते.' किटात काय, तर एमडीएफचे कोस्टर (कपाखाली ठेवायच्या चकत्या), स्टेन्सिल आणि पांढरा मार्कर. स्टेन्सिलवर तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच, तोही बंद गोल! अहो, नाचाची साखळी तारपेवाल्याभोवती गुंडाळत जाते, तिला शेवट मोकळा असतो. लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, आणि त्यातली पालघट देवी तर गायबच. चौक निघतो लग्नघरी, सवाशिणींच्या हातून, धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यावर. आणि लग्न म्हटलं की लग्नगडी आलाच : पूर्वी लग्नापुरतं कर्ज काढलं की जन्मभर सावकाराकडे राबावं लागे. १९४५ चा वारल्यांचा उठाव या वेठीविरुद्ध होता. एका चौकातून एवढं शिकवता येतं.

नेरूळबाई : चाळीस पोरं, पस्तीस मिनिटांचा एक तास. धवलेरी कुठं बसवू? तांदळाच्या पिठानं काढलं की चार्टपेपर द्रोणासारखा वळतो, वर पापुद्रे सुटतात. मार्करच बरा.

येऊरपायथा : पापुद्रे सुटतात ते तुमच्या घाईनं. अर्धी वाटी तांदूळ रात्रभर भिजवा, गंधासारखे वाटा, फडक्यातून गाळा, ताकाइतकं पातळ करा, चमचाभर डिंकाचं पाणी घाला. ओली रेघ फिकीच दिसते, पांढरी होते वाळल्यावर. मुलं 'उमटत नाही' म्हणून तीच रेघ तीनदा गिरवतात, थर जाड होतो आणि तडकतो. ब्रश नको, बांबूची काडी टोकाला ठेचून घ्या. कागदाऐवजी मांजरपाट.

नेरूळबाई : ऑगस्टच्या दमटीत मांजरपाट वाळणार कधी, दिवाळीला?

येऊरपायथा : गेरू आदल्या दिवशी लावून ठेवा. त्यातही डिंक हवा, नाहीतर सगळा गणवेशाला लागतो. आणि उरलेलं वाटण ठेवू नका, दुसऱ्या दिवशी आंबतं.

घोडबंदरकर : धागा इतिहासाचा आहे. इथं घावन घालताय का?

करंजाखाडी : इतिहास म्हणे! नवी मुंबईला लागून उरणचं चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, गोळीबारात नाग्या महादू कातकरी गेला. तुमच्या लेखी आदिवासी म्हणजे वारली आणि वारली म्हणजे दोन त्रिकोण जोडून काढलेली माणसं. कातकऱ्यांचा कोस्टर विकला जात नाही, म्हणून धड्यातही ते नकोत?

घोडबंदरकर : चिरनेर राहिलं, मान्य. टोमणा मात्र किटवाल्यांना मारा, मला नको.

नेरूळबाई : तुम्ही दोघं आधी भांडून घ्या. मला पस्तीस मिनिटांत बसेल असं काहीतरी सांगा.

घोडबंदरकर : गणिताचा तास घ्या. उठावातली मागणी होती, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. किलोमागे किती पैसे पडले ते मुलांना काढू द्या. चौक मग फळ्यावर.

नेरूळबाई : बरं बाई, कोस्टर परत पाठवते. तांदूळ मात्र येऊरवाल्यांनी वाटून आणायचे, गाळून.