मदत हवी आहे: 'माउइ' या नावाची व्युत्पत्ती

पॉलिनेशियातला (प्रशांत महासागरातल्या बेटांच्या समूहातला) पुराणकथांमधला खोडकर वीर माउइ (सूर्याला फास टाकणारा, समुद्रातून बेटं ओढून काढणारा) याच्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. नावाच्या उत्तरार्धाशी अडचण नाही. माओरीत (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत) तो 'माउइ-तिकितिकि-आ-तरङा', म्हणजे तरङाच्या अंबाड्याचा माउइ; तरङा या त्याच्या आईने आपले केस कापून त्यात गुंडाळून त्याला समुद्रात सोडलं होतं. सामोआत 'तिकितिकि'मधल्या क च्या जागी घशातला क्षणिक अडथळा येऊन 'तिइतिइ' होतं, टोंगात 'किसिकिसि'. हवाईत त चा क, र चा ल आणि ङ चा न होतो, म्हणून तरङाची 'कलना'. इतकं नीटनेटकं गणित क्वचितच हाती लागतं!

घोडं अडलंय ते खुद्द 'माउइ'पाशी. माओरीत 'मउई' म्हणजे डावा, डावा हात. अर्थ या उफराट्या माणसाला शोभतो खरा, पण नावात 'मा' दीर्घ आणि शेवटचा 'इ' ऱ्हस्व, तर शब्दात नेमकं उलट. शिवाय हवाईत डाव्याला 'हेमा' म्हणतात. त्यामुळे हे निव्वळ ध्वनिसाम्य वाटतं.

ट्रेगिअरचा १८९१ चा तौलनिक कोश चाळलाय, पण तो जुना. पोलेक्स हा ऑनलाइन कोशही माहीत आहे. सिनेमा किंवा बाळांच्या नावांच्या साइट नकोत. इंग्रजी संदर्भ चालतील, फ्रेंच येत नाही.

तुलनात्मक भाषाशास्त्र शिकलेल्या कुणी सांगेल का: स्वरांच्या लांबीची अशी अदलाबदल पॉलिनेशियन भाषांत इतरत्र नियमाने दिसते का, की 'डावा' हा अर्थ मी सरळ सोडून द्यावा?