टाचणी, पिन आणि यूपिन : कोणत्या वस्तूला काय म्हणावे

पेपर क्लिपला मराठीत ‘टाचणी’ म्हणावे काय, असा प्रश्न चर्चेस आला आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण ‘टाचणे’ या क्रियापदातच आहे. टाचणे म्हणजे दोन पदर एकमेकांवर ठेवून ते टोचून कच्चे जोडणे. शिंपी अस्तर आधी लांब लांब टाके घालून कापडाला टाचून घेतो आणि मशीनची पक्की टीप पडली की ते दोरे उसवून काढतो. म्हणजे या क्रियेत भोक पडते आणि जोडही तात्पुरता असतो. टाचणीला ही दोन्ही लक्षणे लागू पडतात. क्लिप मात्र कागदाला भोक पाडत नाही. वाकवलेली तार मूळ आकारात परत येऊ पाहते, त्या दाबाने कागद धरला जातो.

‘चाळणे’वरून चाळणी, ‘किसणे’वरून किसणी, तशी ‘टाचणे’वरून टाचणी. हाच ‘-णी’ पेरणी, कापणी, मळणी यांत क्रियेचे नाव बनवतो. टाचणीत तो साधनाकडे गेला आहे. यातला ‘च’ चहातला नसून चमच्यातला आहे, हे मराठी शिकणाऱ्यांना आवर्जून सांगावे लागते. जुन्या छपाईत ‘टांचणी’ असे रूप दिसते. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा हाही गेला.

‘टाचण’ हा याच घरातला शब्द, पण त्याने कागदावर निराळा संसार थाटला. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत असो वा जिल्हा परिषदेच्या, शिक्षकाला पाठ टाचण, म्हणजे शिकवायच्या धड्याच्या मुद्द्यांची वही, चुकत नाही, आणि त्या वहीत टाचणी कोठेही नसते. पुढे लागतील ते मुद्दे धरून ठेवणे, एवढाच अर्थ तेथे उरला आहे. व्याख्यानाचे टाचणही तसेच. मालमत्तेवर ‘टाच’ येते तो प्रकार निराळा. तो या चर्चेत ओढू नये.

साताऱ्यात राहणाऱ्याला आणखी एक टाचणी ठाऊक असावी. कासच्या तलावाकाठी गवताच्या पात्यावर बारीक, सुईसारख्या अंगाचा जो कीटक पंख पाठीवर मिटून बसतो, त्याला टाचणी म्हणतात. पंख पसरून बसणारा, अंगाने भरलेला तो चतुर. येथे नाव केवळ रूपावरून पडले आहे, आणि माझ्या मते कोणत्याही कोशकाराला याहून चांगले नाव सुचले नसते.

बोलण्यात टाचणीची जागा ‘पिन’ने घेतली आहे, हे मान्य करावे लागेल, तक्रार एवढीच की पिन म्हणजे नेमके काय, हे आता प्रत्येक वेळी विचारावे लागते. साडीच्या पदराला लावतात ती पिन, सूचनाफलकावर खुपसतात ती पिन आणि स्टेपलरमध्ये भरतात त्याही पिनाच. साताऱ्याच्या राजपथावरच्या दुकानात नुसत्या ‘पिना द्या’ म्हटल्यास दुकानदार ‘दहा नंबर की चोवीस-सहा?’ असे विचारतो. २४/६ मधला २४ हा तारेचा गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक, आणि ६ म्हणजे पायाची लांबी मिलिमीटरमध्ये, हे सहसा कोणी सांगत नाही. कचेरीत ‘जरा पिन मार’ म्हणजे स्टेपलर दाब. राजकारणाच्या बातमीत ‘पिन मारली’ म्हणजे डिवचले. टाचणीला हा दुसरा अर्थ चिकटला नाही; ती फार तर कोणाच्या फुग्याला लागते.

क्लिपचे नाव मात्र लोकांनी केव्हाच ठरवले आहे : यूपिन. आज सर्वत्र मिळणाऱ्या दुहेरी वळणाच्या क्लिपा बनवण्याच्या यंत्राचे अमेरिकी पेटंट विल्यम मिडलब्रुक यांनी १८९९मध्ये घेतले, तेव्हा १८५७च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तिच्यासाठी शब्द शोधणे व्यर्थ आहे. यूपिन हे नाव सोयीचे आहे, पण त्यात एक अडचण आहे. सांगलीच्या गणपती पेठेत स्टेशनरीच्या दुकानात यूपिना मागितल्या तर क्लिपा मिळतील, आणि बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात त्याच शब्दाला अंबाड्यात खोचायचे काळे आकडे मिळतील. शिवाय क्लिप काही टोचत नाही, मग ती पिन कशी, हा आक्षेप उरतोच. ‘चाप’ हा शब्द आपल्याकडे दाबून धरणाऱ्या वस्तूला पूर्वीपासून आहे आणि केसांच्या चापामुळे लहान मुलींनाही तो कळतो; म्हणून लेखनात ‘कागदाचा चाप’ वापरावा, असे मी सुचवीन. ‘कागदबंध’ वगैरे घडीव शब्दांची येथे गरज नाही.

हा भेद नुसता कोशापुरता नाही. जुन्या खरेदीखतांना लावलेल्या टाचण्या जावळी-पाटणकडच्या पावसाळी दमटपणात गंजतात, आणि काढू गेल्यास तपकिरी डागाभोवतीचा कागद टाचणीबरोबर तुटून येतो. मोडी कागदपत्रांत एका बंदाला, म्हणजे कागदाच्या लांब पट्टीला, दुसरा बंद चिकटवून जोडावर मागून शिक्का मारीत, त्यामुळे तेथे हा प्रश्न नव्हता. आजच्या नस्तीत (फाइलमध्ये) मूळ दस्तऐवज असेल तर ‘टाचणी लावावी’ असा शेरा लिहू नये, ‘चाप लावावा’ असे लिहावे. झेरॉक्स प्रतींना टाचणी चालेल, आणि दहा नंबरची पिनही.