वर्ण की अक्षर? (काल्पनिक भाषेची लिपी)

प्रश्न: कथेसाठी एक भाषा रचतेय. उच्चार ठरलेत, आता लिपी हवी. '२४ अक्षरं पुरतील' असं टिपून ठेवलं होतं, तर बहीण म्हणते 'वर्ण' म्हण. फरक काय? आणि स्वरांना स्वतंत्र चिन्हं द्यावीत की मात्रा?

– बहिणीचं बरोबर आहे. वर्ण म्हणजे सुटा ध्वनी. अक्षर एका दमात उच्चारलं जातं. 'स्त्री'त वर्ण चार (स्, त्, र्, ई), अक्षर एकच. एरवी बोलताना दोन्हींना अक्षरच म्हणतात, कुणी अडत नाही. लिपी रचताना मात्र चिन्ह कशाला द्यायचं, हाच पहिला प्रश्न.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन, त्याने रचलेली तेंग्वार लिपी पाहा. उभा दांडा आणि त्याला जोडलेला बाक. 'त'ला एक बाक, 'द'ला दोन. एका बाकाचा दांडा वर चढवला की इंग्रजी 'थिन'मधला (thin) घर्षक, म्हणजे हवा घासत निघणारा ध्वनी. 'प'च्या रांगेतही तोच नियम: प, ब, फ़. उच्चारस्थानांप्रमाणे अशा चार रांगा, मूळ चिन्हं २४. आपले क-वर्ग, त-वर्ग आठवतील, पण देवनागरीत 'क' आणि 'ग'च्या आकारांत काही नातं दिसत नाही. तेंग्वारमध्ये आकारच उच्चार सांगतो. अर्थात सगळी चिन्हं एकमेकांसारखी दिसतात, वाचताना डोळे शिणतात. मला तरी हा सौदा महाग वाटतो.

– मात्रांबद्दल. त्याच लिपीत टोल्किनची क्वेन्या भाषा लिहिताना स्वरचिन्ह आधीच्या व्यंजनावर बसतं, कारण तिचे बरेच शब्द स्वरान्त. त्याच्याच दुसऱ्या भाषेत, सिंदारिनमध्ये, व्यंजनान्त शब्द पुष्कळ, म्हणून तेच चिन्ह पुढच्या व्यंजनावर. स्वर एकटा पडला तर नुसता दांडा त्याला आधार देतो. सावरकरांनी सुचवलेल्या अि, अी, अु (म्हणजे इ, ई, उ) मध्ये 'अ' करतो तेच काम.

– (प्रश्नकर्ती) माझे शब्द बहुतेक व्यंजनान्त आहेत. मग सिंदारिनचीच पद्धत?

– चालेल. पण नुसत्या व्यंजनात 'अ' धरायचा की नाही, ते आधी ठरवा. आपण 'घर' लिहून 'घर्' म्हणतो, ते सवयीने निभतं. तुमच्या वाचकाला ती सवय नाही. 'अ' धरलात तर जवळजवळ प्रत्येक शब्दाचा पाय मोडत बसावं लागेल.