एआर-१५ रायफल : मझल ब्रेक घेऊ की आहे तो फ्लॅश हायडर ठेवू?

डॅलसकर_नवा: मंडळी, १६ इंची नळीची, ५.५६ मिमीची आहे, नळीच्या तोंडाला कंपनीचाच ए२ फ्लॅश हायडर. बायको आणि मी बंदिस्त रेंजवर जातो, शेजारशेजारच्या लेनमध्ये. दुसऱ्या गोळीला नळी वर उचलली जाते, ती आवरायची आहे. बजेट ६० डॉलर. ब्रेक, कॉम्पेन्सेटर, फ्लॅश हायडर यांत फरक काय? दुकानदार म्हणे सगळं एकच.

ह्यूस्टनचा_भाऊ: सप्रेसर (आवाज दाबणारा नळकांडा) घे, विषय संपला. १९३४ पासूनचा २०० डॉलरचा कर जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय. माझा आठशेला पडला, पण काय चीज आहे!

डॅलसकर_नवा: साठ म्हणालो हो.

ह्यूस्टनचा_भाऊ: मग साठव थोडे.

माजी_फौजी_सातारा: कर गेला, फॉर्म आणि बोटांचे ठसे आहेतच, ते पण सांगा त्याला. आणि फ्लॅश हायडर शत्रूपासून लपायला नसतो, अंधारात आपलेच डोळे दिपू नयेत म्हणून असतो. तुझा ए२ उलटा करून बघ. खालच्या बाजूला फट नाही. झोपून फायर करताना धूळ उडू नये म्हणून ती बंद ठेवलीय. वरच्या फटींतून गॅस जातो, तो नळीला जरा खाली दाबतो. म्हणजे थोडा कॉम्पेन्सेटर तुझ्याकडे आहेच. काही घेऊ नको, बट खांद्यात घट्ट लाव.

कोलोराडो_शिकारी: ब्रेकच घे. गॅस आजूबाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे रायफल पुढे ओढली जाते. माझ्या .३०० विन मॅगला (मोठ्या काडतुसाची शिकारी रायफल) लावल्यापासून खांदा काळानिळा होत नाही.

कान_गेलेला: ५.५६ ला कसला आलाय खांदा काळानिळा! शेजारच्या लेनमधल्या महाभागाच्या ब्रेकने माझ्या कानात संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत होती. वहिनी शेजारी उभ्या असणार ना? ब्रेक घेतलाच तर दोघांनी आत प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला.

बे_एरिया_मावशी: आमच्याकडे कॅलिफोर्नियात काढता मॅगझिन असलेल्या अशा रायफलला फ्लॅश हायडर लावला की ती थेट असॉल्ट वेपन, म्हणजे बंदीतलं शस्त्र. ब्रेक चालतो. सप्रेसर तर विसराच.

ह्यूस्टनचा_भाऊ: मावशी, तो टेक्सासात आहे.

बे_एरिया_मावशी: माहितीसाठी लिहिलं. इतरही वाचतात.

कोलोराडो_शिकारी: एके-४७ ला तो तिरका कापलेला ब्रेक असतो, तसला बघ. स्वस्त मिळतो.

माजी_फौजी_सातारा: तो एकेएमचा (एके-४७ ची सुधारित आवृत्ती), आणि ब्रेक नव्हे, कॉम्पेन्सेटर. ती रायफल वर आणि उजवीकडे पळते म्हणून तिरका. मोठा ब्रेक एके-७४ चा. शिवाय एकेएमचे आटे उलटे, डावे. याच्या बॅरलवर बसणार कसा?

कोलोराडो_शिकारी: तेच म्हणतोय मी.

पुणे_३०: माझ्या ०.१७७ एअरगनला फ्लॅश हायडर कुठला बरा?

कान_गेलेला: एअरगनमध्ये जाळ कुठून येणार?

पुणे_३०: दिसायला.

रेंज_मेकॅनिक: मुद्द्यावर या. आटे १/२-२८ चे बघून घे. ५/८-२४ वाला .३०८ साठी असतो. रिसीव्हर (नळी बसते तो रायफलचा मधला सांगाडा) नुसता व्हाइसमध्ये धरून पाना मारू नको, आतून आधार देणारा ब्लॉक वापर. ब्रेक-कॉम्पची भोकं ठरल्या दिशेलाच यायला हवीत. आणि लिनिअर कॉम्प नावाचा भोंगा घेऊ नको. आवाज आणि हवा फक्त पुढे ढकलतो, धक्का कणभर कमी होत नाही.

ह्यूस्टनचा_भाऊ: सप्रेसरने आवाज, धक्का, जाळ तिन्ही कमी. पुन्हा सांगतो.

डॅलसकर_नवा: सगळ्यांचे आभार. लिनिअर मागवलाय, ४५ डॉलर. घरात धागा वाचून दाखवला तेव्हा "आवाज पुढे ढकलतो" एवढंच ऐकलं गेलं. नळीचं माझं मी बघून घ्यायचंय म्हणे. जुना क्रश वॉशर (घट्ट करताना चेपणारी चकती) चालेल का?

रेंज_मेकॅनिक: सांगून काय उपयोग! नवा घाल. एकदा चेपला की तो गेला.